पंगतीत सगळ्यायसोबत बसायचं आहे, पण मारामारी नको. कसं करावं?

डवरेवाला :
जयभीम, राम राम, नमस्कार सगळ्यायले. गावाचं नाव टाकत नाई, यवतमाळ जिल्हा समजून घ्या. पोस्ट लांब आहे, टाईम असन तं वाचा.

आमच्या गावात दरवर्षी हनुमान जयंतीले मारोतीच्या देवळापुढं भंडारा होते. वर्गणी घरटी दोनशे रुपये, आमच्या मोहल्ल्यातूनही घेतात, रोख घेतात, पावती देतात, त्यात काई भेदभाव नाई. लाकडं फोडायले, पाण्याच्या टाक्या भरायले आमचे पोट्टे. पण पंगत बसायची वेळ आली का 'तुमचं मागून होते ना बावा, घाई काय आहे'. मंग चार पंगती उठल्यावर रोडच्या पल्याड कडुनिंबाखाली आमची पंगत. तोवर बुंदी संपलेली, वांग्याच्या भाजीत वांगं कमी न् रस्सा जास्त. 'इथं बसू नको' असं कोणी तोंडानं म्हणत नाई. म्हणायची गरजच नाई पडत, ज्याले त्याले आपली जागा माईत आहे.

मागच्या वर्षी माही भाची आली होती, चौथीत आहे. ती शाळेतल्या मैत्रिणीसोबत पहिल्याच पंगतीत जाऊन बसली, तिले काय माईत. पत्रावळ समोर आली, तिनं पाणी शिंपडून पुसूनही घेतली, अन् एका वाढणाऱ्यानं तिचा दंड धरून तिले उठवलं, 'तू मागून बस बाई'. शिवी नाई, धक्का नाई, एकदम गोड आवाजात. ते लेकरू ओली पत्रावळ हातात धरून रोड पार करून आमच्याकडं आलं अन् मले विचारते, मामा मी चुकीच्या लाईनीत बसली होती का.

तवापासून डोक्यात भुंगा आहे. यंदा आमच्या पोट्ट्यायचं म्हणणं कढई पालथी करू, मंग पाहू कोण जेवते. बाबा म्हणतात गप राहा, ठेक्याचं वावर त्यायचंच आहे. मले दोन्ही नाई पटत. भाषणात गांधीजी ऐकले, बाबासाहेब ऐकले, तो अमेरिकेतला मार्टिन ल्यूथर किंगही ऐकला, पण हे लोकं नेमकं करत काय होते, म्हणजे सकाळी उठून कुठी जायचे, कुठी बसायचे, कोणी मारलं तं हात कुठी ठेवायचे, हे कोणीच नाई सांगत. माईत असन त्यानं सांगा.

कोर्टाची_पायरी :
भाऊ एवढा विचार काहून करून राह्यला. राज्यघटनेचं अस्पृश्यता बंद करणारं कलम १७ आहे, १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा आहे, त्यात १ ते ६ महिने शिक्षा आहे, वरून १९८९ चा अॅट्रॉसिटी कायदा आहे. मोबाईलवर शूटिंग काढा, ठाण्यात जा, विषय खतम.

डवरेवाला :
दादा माईत आहे. पण गोड आवाजात 'मागून बस' म्हणलं याची शूटिंग काय काढू. अन् केस झाली तं साक्ष द्यायले गावातून कोण येईन, मले पुरे तीन नावंही नाई सुचत.

वर्धेकर_मास्तर :
रिटायर झालो आहे, वेळ भरपूर आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

बेटा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर अमेरिकेत आहे, पण तिथं ते आपल्या नागपुरातून गेलं, हे आपल्याच लोकांना माहीत नसतं. जेम्स लॉसन नावाचा एक काळा तरुण होता, कोरियाच्या युद्धाच्या वेळी सैन्यात जायला नाही म्हणाला म्हणून तुरुंगात राहून आलेला. तो १९५३ मध्ये नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात आला. पोरांना खेळ शिकवायचा आणि स्वतः गांधीजींचा सत्याग्रह शिकायचा. १९५५ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या मॉंटगोमेरी शहरात, बसमध्ये मागे बसवतात म्हणून काळ्या लोकांनी शहर बसवर बहिष्कार टाकला, ती बातमी त्यानं नागपुरात बसून नागपूरच्याच पेपरात वाचली. वाचून माणूस खुर्चीवरून उठला असेल असं मला आपलं वाटतं. १९५६ ला परत गेला, पुढच्या वर्षी किंगशी भेट झाली, किंग म्हणाले आमच्याकडे असं शिकवणारं कोणी नाही, लवकर ये. मग हा नॅशव्हिल नावाच्या शहरात गेला.

आता तुझी पंगत. नॅशव्हिलच्या मोठ्या दुकानांत काळ्या माणसाला कापड घ्या, साबण घ्या, पैसे मोजा, सगळं चालायचं, पण त्याच दुकानात जेवणाचं काउंटर असायचं तिथं बसू देत नसत. तुमची दोनशेची पावती आठवली का? लॉसननं काय केलं, तर लगेच जाऊन बसला नाही. आधी चर्चच्या तळघरात कॉलेजच्या पोरापोरींची तालीम घेतली. अर्धे पोरं गुंड व्हायचे, खुर्ची ओढायचे, तोंडावर सिगारेटचा धूर सोडायचे, घाण घाण बोलायचे, अर्ध्यांनी फक्त बसून राहायचं. मार बसला तर डोकं कसं झाकायचं, शेजाऱ्याला मारत असतील तर मध्ये अंग कसं घालायचं, सगळं शिकवलेलं. १९५९ च्या शेवटी नुसती चाचपणी करून आले, बसले, नकार ऐकला, उठले, घरी. खरं बसणं सुरू झालं १३ फेब्रुवारी १९६० ला. नियम ठरलेले : उलटा हात नाही, उलट बोलणं नाही, फिदीफिदी हसणं नाही, पाठ ताठ आणि तोंड काउंटरकडे. २७ फेब्रुवारीला गुंडांनी मारलं आणि पोलिसांनी पकडलं ते मार खाणाऱ्यांनाच, ऐंशीच्या वर पोरं आत. पण एक तुकडी गाडीत घातली की रिकाम्या खुर्च्यांवर दुसरी येऊन बसायची.

जोडीला ईस्टरच्या ऐन खरेदीत काळ्या लोकांनी बाजारातून काही घेणंच बंद केलं. एप्रिलात त्यांच्या वकिलाच्या घरावर बॉम्ब पडला, तर हजारो लोक एक शब्द न बोलता महापौराच्या दारात जाऊन उभे राहिले. तिथं डायेन नॅश नावाच्या बावीसेक वर्षांच्या पोरीनं त्याला सरळ विचारलं की हा भेद बरोबर आहे असं तुम्हाला वाटतं का, आणि त्याला सगळ्यांसमोर नाही म्हणावं लागलं. १० मे १९६० ला सहा काउंटर उघडले. म्हणजे तीन महिने. लॉसनला मात्र त्याच्या विद्यापीठानं मार्चमध्येच काढून टाकलं होतं, फुकटात कोणालाच काही मिळालेलं नाही.

तू हात कुठे ठेवायचे विचारलंस ना, तोच प्रश्न खरा. गप्प बसणं वेगळं आणि तयारी करून बसणं वेगळं.

अंबानगरीची_लेक :
मास्तर, छान लिहिलंत, पण आपले लोकं नेहमी अमेरिकेत काहून जातात? अमरावतीत राहते म्हणून सांगते. १९२७ मध्ये आमच्या अंबादेवीच्या देवळात सगळ्यांना जाऊ द्या म्हणून चळवळ झाली, नोव्हेंबरात इथं परिषद भरली तिचे अध्यक्ष बाबासाहेब होते, पंजाबराव देशमुख पाठीशी होते. दर नवरात्रात लाखो लोकं त्या रांगेत उभे राहतात, किती जणांना माहीत असेल देव जाणे.

आणि पंगतीचंच म्हणत असाल दादा, तर महाड नीट पाहा. २० मार्च १९२७ ला हजारो लोकं शिस्तीत चवदार तळ्यावर गेले, पाणी प्यायले, परत मंडपात आले. एवढं सगळ्यांना पाठ असतं. त्याच्या पुढचं कोणी सांगत नाही. हे आता देवळात घुसणार अशी अफवा गावात उठवली आणि लोकं मंडपात जेवत असताना त्यांच्यावर लाठ्या घेऊन आले. अन्न मातीत कालवलं. जेवणाऱ्यांवर! बाबासाहेबांसोबतचे किती तरी जण हाणामारीला तयार होते, त्यात पलटणीतून आलेले होते, नुसता इशारा पुरे होता. त्यांनी तो दिला नाही, सगळ्यांना आवरून धरलं. मग तिकडच्यांनी तळ्यात शेण-गोमूत्राच्या १०८ घागरी ओतून तळं 'शुद्ध' केलं, कोर्टात गेले, आणि तळं सगळ्यांचं आहे हा हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ चा मार्च उजाडला. दहा वर्षं. नॅशव्हिलचे तीन महिने वाचून हुरळून जाऊ नका एवढंच.

अजून एक. तुमच्या यादीत बायका किती आहेत? सगळे पोट्टे जाऊन बसले तर गाव म्हणेल भांडायला आले. तुमची आई, काकू, वहिनी बसल्या तर तसं म्हणता येत नाही.

निळी_पाटी :
माफ करा पण मले हा धागाच पटला नाई. मारोतीच्या भंडाऱ्यात जेवायचंच काहून? बाबासाहेबांनी १९३० मध्ये काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू केला, पाच वर्षं लोकायनं लाठ्या-दगडं खाल्ले, दार उघडलं का? १९३५ ले येवल्यात सांगून टाकलं का हिंदू म्हणून मरणार नाही, अन् १४ ऑक्टोबर १९५६ ले नागपुरात लाखो लोकायसोबत मोकळे झाले. आपण मोकळे झालो भाऊ. आता तिच्यायच्या पत्रावळीसाठी कायले गयावया. वर्गणी बंद करा, आपल्या विहारात आपली खीर शिजवा, अन् गावालेच जेवायले बोलवा. पाहू कोण येते.

डवरेवाला :
भाऊ तुमचं चूक नाई. माही आजी दीक्षाभूमीवर होती, आमच्या घरात देव नाई. पण आमच्या मोहल्ल्यात मातंगायचे अकरा घरं आहेत, ते मारोतीले मानतात, त्यायले मी काय सांगू का तुम्ही पण सोडा मंग तुमचा अपमान बंद होईन? अन् भाचीले देवळात नव्हतं जायचं, मैत्रिणीच्या बाजूनं बसायचं होतं. रोड गावाचा, पैसे गावाचे, स्वयंपाक गावाचा. मले देव नको, जागा पाह्यजे. वर्गणी बंदचं मात्र डोक्यात आहे.

वर्धेकर_मास्तर :
निळी पाटी, तुमच्या म्हणण्यात दम आहे, आणि मॉंटगोमेरीवाल्यांनी तेच केलं होतं. आमचे पैसे घेता आणि मागे बसवता, तर आमचे पैसेच नाहीत. ३८१ दिवस बसमध्ये पाय ठेवला नाही. पण मग कामावर कसे जायचे? पायी गेले, आणि ज्यांच्याकडे मोटारी होत्या त्यांनी वेळापत्रक लावून लोकं नेले-आणले. बहिष्काराला पर्यायी सोय लागते. दोनशे रुपये न देणं सोपं आहे, देवळाला तेवढ्यानं फरकही पडणार नाही. लाकडं कोण फोडतं आणि पाणी कोण भरतं ते पाहा.

वाढपी_क्रमांक_२ :
मी दुसऱ्या बाजूचा आहे, शिव्या घालायच्या तर घाला. गाव वेगळं पण भंडारा सेम. गेली सहा वर्षं वरणाची बादली माझ्याच हातात असते. खरं सांगू, आमच्यातल्या अर्ध्या पोरायले हे पाहून लाज वाटते, शहरात शिकून आले, रूमवर सगळे एका ताटात जेवले, पण गावात कमिटीच्या म्हाताऱ्यायसमोर पहिले तोंड कोण उघडन. मी पण नाई उघडलं. आमच्याकडं गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना होते तवा सगळे एकाच सतरंजीवर बसतात, तुकडोजी महाराजांचं भजन म्हणतात, अन् जेवायच्या वेळेले सतरंजी वेगळी. हे आम्हाले दिसत नाई असं नाई.

तुमच्या गावातही माझ्यासारखे दोन-चार असतीन. बसायच्या आधी त्यायले गाठा. सगळ्यायसमोर नाई, वावरात, पानठेल्यावर, एकेकट्याले. त्यायले हिंमत करायले नका सांगू, फक्त विचारा का 'माह्यासमोर बादली घेऊन येशीन तं थांबशीन का पुढं जाशीन'. तो रात्रभर झोपणार नाई. मी नाई झोपलो हे वाचून.

डवरेवाला :
हे कामाचं सांगितलं भाऊ. राग नाई.

आता अपडेट. एका रविवारी आमच्या आंगणात मास्तरायच्या सांगण्यावरून तालीम केली. आई, काकू, दोघी वहिन्या, मातंग पुऱ्यातले चौघं, आम्ही पाच पोट्टे. चुलतभावाले कमिटीवाला बनवला तं त्याच्या असं अंगात आलं का विचारू नका, टॉवेल खांद्यावर टाकून 'ए उठा रे' करत फिरे, काकू हसून हसून बेजार. पहिल्यांदा मजाकच झाली. मंग त्यानं एकाच्या समोरची पत्रावळ पायानं सरकवली, अन् ज्याची सरकवली तो सटकन उठला न् गचांडी धरली, खरोखर. सगळे चूप. तालमीतच हे झालं तं तिथं काय होईन. तो पोरगा स्वतःच म्हणे, मले नाई जमणार दादा, मी बाहेर उभा राहून मोबाईल धरतो. मले वाटते त्या दिवशीचं सगळ्यात शहाणं वाक्य तेच होतं. बाकीच्यायनं तीनदा पुन्हा केलं. हात मांडीवर ठेवायचे असं ठरलं.

प्रश्न दोन. भाचीले बसवावं का, ती हट्ट करून राह्यली. अन् कमिटीनं पत्रावळच नाई दिली तं आपली घरून न्यावी का?

अंबानगरीची_लेक :
घरून पत्रावळ अजिबात नेऊ नका. आपलं ताट आपण नेलं की वेगळेपण आपणच कबूल केलं.

भाचीचं मला वाटतं यंदा नको. १९६३ मध्ये अमेरिकेतल्या बर्मिंगहॅमला काळ्या लोकांच्या चळवळीनं शाळेची पोरं मोर्चात उतरवली, त्यांच्यावर कुत्रे आणि पाण्याचे फवारे सोडले, त्या फोटोंनी जग हललं हे खरं, पण पोरांना पुढं काहून केलं म्हणून त्यांच्यातच खूप भांडण झालं होतं. तिचा दंड एकदा धरून झाला आहे दादा. मास्तरांना वेगळं वाटत असेल तर सांगतील.

वर्धेकर_मास्तर :
मला वेगळं वाटायचं, पण शेवटचं वाक्य वाचून थांबलो. आणि अचानक जाऊन बसू नका, कमिटीला आधी सांगून जा. महाडलाही लपूनछपून काही नव्हतं.

डवरेवाला :
झालं. कालच झालं, आज लिहून राह्यलो.

आठ दिवस आधी आई न् मी कमिटीच्या अध्यक्षायकडं जाऊन सांगून आलो का काका आम्ही यंदा पहिल्या पंगतीले बसणार आहोत, बारा जणं. ते म्हणे पाहू. लाकडं मात्र आमच्या पोट्ट्यायनंच फोडली, काकू म्हणे आपल्या कामात खोट नको.

दुपारी दीडले बसलो. पत्रावळी पडल्या, आमच्याही समोर पडल्या, वाटणारा लहान पोरगा होता, त्याले काय. मंग भात आला अन् आम्हाले सोडून पुढं गेला. वरण आलं, तेही पुढं गेलं. आम्ही हात मांडीवर. आजूबाजूचे खात आहेत अन् आमच्या पत्रावळी कोऱ्या, हवेनं उडू नये म्हणून आईनं तिच्यावर तांब्या ठेवला. पहिली पंगत उठली. आम्ही नाई उठलो. आम्ही उठत नाई तं दुसरी पंगत कशी बसवायची, झाडायचं कसं, सगळं अडलं. चाळीसेक मिनिटं गेली असतीन, मले चार तास वाटले. कोणीतरी मागून आईबहिणीवर बोललं, वहिनीचं बोट माह्या मनगटात रुतलं, आजही निशाण आहे. कोणी उठलं नाई.

मंग चुलीजवळ पोळ्या लाटत होत्या त्यातली एक आजी, त्यायच्यातलीच, पदरानं हात पुसत उठली, भाताचं घमेलं कमरेवर घेतलं अन् आमच्या लाईनीत आली. एवढंच म्हणे, 'उन्हात बसवून ठेवलं लोकायले.' वाढत गेली. तिच्या मागं एक वाढपी वरणाची बादली घेऊन आला, मी त्याले चार दिवस आधी पानठेल्यावर गाठलं होतं, त्यानं माह्याकडं पाह्यलं नाई. पाच-सात जणं न जेवता घरी निघून गेले. बाकी गाव दुसऱ्या पंगतीले आमच्या बाजूनं बसलं, काही जणं हातभर जागा सोडून, पण बसलं. आमच्या मोहल्ल्यातले बाकीचे मात्र कडुनिंबाखालीच जेवले, बाबाही तिथंच. कडुनिंबाखाली बुंदी यंदा पुरली म्हणे.

पण आज सकाळी ठेक्याच्या वावराचे मालक बाबाले म्हणाले, यंदाचं पाहू. दुकानदारही उधारीची वही शोधून राह्यला. याचं काय करावं?

कोर्टाची_पायरी :
पहिले तर तुमच्या आईले माहा जयभीम सांगा, मी पहिल्या पोस्टमध्ये हुशारी दाखवली ते विसरून जा.

आता वही घ्या, शंभर पानी. तारीख, वेळ, कोण, जसेच्या तसे शब्द, कोणासमोर. 'यंदाचं पाहू' एवढ्यावर केस नाई होत, एकट्या माणसानं वावर नाई दिलं तं तो म्हणन माही मर्जी. पण हे दोन-चार घरायनं ठरवून सुरू केलं, मजुरी बंद, किराणा बंद, तं २०१५ च्या दुरुस्तीनंतर आर्थिक-सामाजिक बहिष्कार अॅट्रॉसिटी कायद्यात येते, अन् महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा कायदा वेगळा आहे. १ मेच्या ग्रामसभेत हा विषय लेखी टाका, पोच घ्या. मोबाईल धरलेल्या पोट्ट्याले म्हणा व्हिडिओ कुठीच टाकू नको, दोन जागी सेव्ह करून ठेव.

वाढपी_क्रमांक_२ :
वावराचं. माह्या मामाचं गाव तुमच्याच जिल्ह्यात आहे, चार एकर पडीक पडलं आहे त्याचं, ठेक्यानं द्यायचं म्हणत होता. तुमच्यापासून किती लांब पडते पाहा, मॅसेज करतो.

डवरेवाला :
करा भाऊ. बाबाले आत्ताच नाई सांगत, आधी पाणी आहे का ते विचारा.